वायसरची पाठ

त्याचं खरं नाव ओळखपत्रावर आहे आणि तिथंच राहतं. बाकी सगळे त्याला वायसर म्हणतात. प्लंबिंग शिकायला लागला तेव्हा पहिले सहा महिने कोणताही नळ दाखवा, तो गंभीर चेहरा करून "वायसर गेलाय" एवढंच सांगायचा. दुसरं काही येतच नव्हतं. दहातल्या आठ वेळा वायसरच गेलेला असायचा, त्यामुळे हा हुशार आहे असा उस्तादांचा गैरसमज झाला, आणि तो दूर होईपर्यंत हा खरोखरच काम शिकून बसला होता. हे सगळं तो स्वतःच सांगतो. आपली फजिती सांगताना तो हातचं काही राखत नाही, उलट पदरचं थोडं घालतो. दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच हसून घ्यावं, असं त्याचं मत आहे.

त्याच्या घरच्या न्हाणीघरात डावीकडच्या नळाला थंड पाणी येतं आणि उजवीकडच्या नळाला गरम. बाकीच्या जगात उलटं असतं. बावीस वर्षांपूर्वी एका रविवारी, जेवण वाढलेलं होतं आणि बायको दोनदा हाक मारून गेली होती, त्या घाईत त्यानं पाइप उलटे जोडले. चूक दुसऱ्या दिवशी सकाळीच लक्षात आली, म्हणजे अंगावरच आली. पण आपला नवरा कामात पक्का आहे असं बायको शेजारणीला सांगत असताना त्यानं नुकतंच ऐकलं होतं. म्हणून तो म्हणाला की ही नवी पद्धत आहे, माणूस उजव्या हातानं आधी नळ सोडतो, तेव्हा गरम पाणी तिकडंच असायला हवं. बायको "असं होय" म्हणाली. तेव्हापासून घरी आलेला पाहुणा नव्या पद्धतीनं भाजून निघतो. मेहुणा दोनदा भाजलाय. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतो आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या वेळी टॉवेल गुंडाळून बाहेर येत तो म्हणाला होता की दाजींकडे आंघोळीला यायचं तर विमा उतरवून यायला हवं.

आंघोळीचं आणखी एक आहे. अकरा वर्षांपूर्वी वायसर शिडीवरून पडला. कामावर माणसं पडतात ती तिसऱ्या मजल्यावरून वगैरे, सांगायला तरी बरं असतं. हा तिसऱ्या पायरीवरून पडला, तेही उतरताना, आणि उजवा खांदा धरला तो धरलाच. हात पुढं सगळीकडं जातो, मागं मात्र कमरेच्या वर टीचभर गेला की अडतो. डावा हात त्या बाबतीत कधीच कामाचा नव्हता. त्यामुळे रोज सकाळी तो आतून "अगं, पाठ" अशी हाक मारतो. बायको गॅस बारीक करून, बाही वर सारून येते, त्याच्या हातातला स्पंज घेते, दोन खांद्यांच्या मधला भाग खसाखसा घासते आणि दूध उतू जायच्या आत परत जाते. या वेळात बोलणं असं होत नाही. झालंच तर "मान खाली" एवढं होतं.

तर चित्रकार बाईंचं सिंक तुंबलं.

बाई सत्तरीच्या, सडसडीत, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. एक मोठी खोली, तिला उत्तरेकडून मोठ्या खिडक्या, भिंतीला टेकवून ठेवलेले कॅनव्हास, आणि सगळीकडं टर्पेंटाइनचा वास. बाई वर्षानुवर्षं ब्रश धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतत होत्या. वायसरनं सिंकखालच्या पाइपचं वळण उघडलं तेव्हा त्यातून निघालेल्या लगद्यात इतके रंग होते की त्याला ते फेकून द्यायला जरा वाईट वाटलं. सिंकच्या कडेला एक कप पालथा घातलेला होता. एकच कप, एकच बशी, एकच चमचा. प्लंबरला लोकांच्या सिंकवरून घरात किती माणसं आहेत ते कळतं, आणि त्याबद्दल काही बोलायचं नसतं हेही कळतं.

लगदा निघाला तसा वर साठलेलं पाणीही निघालं, आणि ते सगळं वायसरच्या अंगावर आलं. त्यानं शर्ट काढला, बनियन काढली आणि वाकून बनियन पिळायला लागला.

"हलू नका," बाई मागून म्हणाल्या.

त्याला वाटलं, विजेची उघडी तार असणार. तो होता तसाच वाकून राहिला. मिनिट गेलं, दोन गेली. पाच मिनिटांनी त्यानं दबक्या आवाजात विचारलं की मेन स्विच कुठं आहे. बाई म्हणाल्या की तारबिर काही नाही, त्या फक्त बघत होत्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. एक मोठं चित्र चाललं होतं. रान, दगड, झाडी, मधून ओढा, ओढ्याचं पाणी एका डोहात उतरतंय, आणि डोहाच्या काठी दगडावर बसून कोणीतरी एकटंच आंघोळ करतंय, आपल्याकडं पाठ करून. रान जमलं होतं. पाणी बरंचसं जमलं होतं. आंघोळ करणारं कोणी जमत नव्हतं. कुणाला आणून बसवलं की कोणीतरी आपल्याला बघतंय म्हणून ते ताठ बसतं, आणि ताठ पाठीची आंघोळ बाईंना नको होती. "मला तुमची पाठ हवी आहे," त्या म्हणाल्या.

लोकांना त्याच्याकडून आजवर पुष्कळ काही हवं असायचं, बहुतेक ताबडतोब हवं असायचं, पण पाठ कुणी मागितली नव्हती. त्यानं विचारलं, आणि चेहरा? चेहरा नको, बाई म्हणाल्या. याचं त्याला थोडं वाईट वाटलं आणि बरंच हायसं वाटलं. कामाच्या दरानं पैसे मिळणार होते, मंगळवारी दुपारी त्याला तशीही फारशी कामं नसायची, आणि खरं सांगायचं तर तो मनातून हरखून गेला होता. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याचं चित्र काढावं असं कुणालाच वाटलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो अर्धा फुलदाणीमागं आहे.

सात मंगळवार तो बसला. पालथ्या बादलीवर बसायचं, पाय पाण्याच्या घमेल्यात, हातात स्पंज, आणि उजवा हात मागं नेऊन पाठ घासतोय असा धरायचा. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या की हात आणखी थोडा वर घ्या. त्यानं जोर लावला, तोंड वाकडं केलं, आणि मग ओशाळून सांगितलं की एवढाच जातो. वायसरला वाटलं, गेली नोकरी. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "राहू दे तिथंच."

मॉडेल म्हणून तो फारसा चांगला नव्हता, असं त्याचं स्वतःचं मत आहे. तिसऱ्या मंगळवारी शेजारच्या घरात कुठंतरी नळ ठिबकायला लागला. त्यानं दहा मिनिटं दम धरला. मग त्याला राहवेना. तो ओल्या पायांनी उठला, उघड्या अंगानं, हातात स्पंज घेऊन जिन्यात गेला आणि शेजारच्यांचं दार वाजवून म्हणाला की तुमचा वायसर गेलाय. त्या घरातल्यांनी पुढं बरेच दिवस बाईंकडं संशयानं बघितलं.

दुसऱ्याच मंगळवारी बाईंनी त्याला चित्र दाखवलं होतं, तेव्हा माणसाच्या जागी नुसता पांढरा डाग होता. रान छान आहे, असं तो म्हणाला. मग तो वाकून डोहाकडं बघायला लागला आणि त्यानं विचारलं की हे पाणी जातं कुठं. बाईंना कळेना. वरून एवढं पाणी येतंय, वायसरनं बोटानं दाखवलं, आणि बाहेर जायला वाटच नाही. अर्ध्या तासात हा दगड बुडेल आणि बसलेला माणूस वाहून जाईल. बाईंनी चित्राकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि पुढच्या मंगळवारी डाव्या कोपऱ्यात दोन दगडांच्या मधून पाण्याला वाट करून दिली. हे तो आजही छाती फुगवून सांगतो. त्यानंतर मात्र पूर्ण होईपर्यंत चित्र बघायचं नाही, असं बाईंनी बजावलं. तो निघाला की त्या कॅनव्हासवर चादर टाकायच्या.

आता बायकोला काय सांगायचं? मी दर मंगळवारी एका बाईच्या घरी जातो, शर्ट काढून बसतो आणि ती तीन तास माझ्याकडं बघते, असं? त्यानं मनातल्या मनात हे वाक्य चार तऱ्हांनी म्हणून बघितलं आणि चारही वेळा ते आधीपेक्षा वाईट ऐकू आलं. म्हणून त्यानं सांगितलं की एका मोठ्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं काम मिळालंय, दर मंगळवारी टाकीत उतरायचं असतं. बायको "असं होय" म्हणाली. आपली थाप पचली म्हणून तो खूश झाला.

इथं सांगायला हवं की त्याची बायको लाँड्रीत काम करते. एकोणीस वर्षं ती लोकांचे कपडे बघतेय. कॉलरचा डाग बघून ती माणूस कुठं बसला होता ते सांगते, खिशाच्या अस्तरावरून तो काय लपवत होता ते सांगते. अशा बाईला टाकीत उतरून आल्याचं सांगून वायसर सात आठवडे कोरड्या बनियननं आणि घडी मोडलेली नाही अशा शर्टानं घरी येत होता. जगात एवढे नवरे खोटं बोलतात, पण लाँड्रीवालीशी कपड्यांबद्दल खोटं बोलणारा आपण एकटेच असू, असं तो म्हणतो.

चित्र पूर्ण झालं आणि बाईंनी प्रदर्शनाचं कार्ड दिलं. ते कार्ड घेऊन तो सोमवारी संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात घरी आला, बायकोसमोर ठेवलं आणि म्हणाला की यात जे मोठं चित्र आहे ना, त्यात मी आहे. मग सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याला वाटत होतं की ती हसेल. तो स्वतः तर हसतच होता.

ती हसली नाही. तिनं इस्त्रीचे कपडे मोजावेत तसं एकेक पुढं ठेवलं. सात मंगळवार. बनियन कोरडी. शर्टाला टर्पेंटाइनचा वास. टाकीत उतरणारा माणूस शर्ट घडी करून ठेवतो का? तिला पहिल्याच मंगळवारी कळलं होतं. काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी चाललंय आणि ते आपल्याला सांगितलं जात नाही हे कळलं होतं. आणि आता चित्र म्हणे. ही आठवी थाप नसेल कशावरून?

"पुढच्या शनिवारी ये," तो म्हणाला. "डोळ्यांनी बघ."

"येईन," ती म्हणाली. "भावाला घेऊन येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सवयीनं आतून "अगं, पाठ" अशी हाक मारली. बाहेर भांड्यांचा आवाज थांबला.

"जिच्यासमोर शर्ट काढता," ती म्हणाली, "तिलाच सांगा घासायला."

प्रदर्शनाला बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत त्याची पाठ मधोमध कोरडी राहिली. त्यानं दाराच्या चौकटीला पाठ घासून बघितली. एकदा त्यानं पाइप साफ करायचा लांब दांड्याचा ब्रश लावून बघितला, आणि पुढचे दोन दिवस त्याला खुर्चीला टेकून बसता आलं नाही. हे तो सांगतो आणि लोक हसतात. पण तेव्हा तो हसत नव्हता. एकोणतीस वर्षांच्या संसारात ती कितीदा तरी रागावली होती, त्याच्या नावानं शेजारपाजारला ऐकू जाईल इतकं बोलली होती, पण गप्प कधी बसली नव्हती. आता ती जेवायला वाढत होती, डबा देत होती, आणि गरजेपुरतं बोलत होती. त्याला भीती वाटायला लागली होती. आपण एवढंसं खोटं बोललो आणि तिचा आपल्यावरचा विश्वास उडाला, आणि तो परत आणायला आपल्याकडं एका चित्राशिवाय काही नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून तो त्या शनिवारची वाट बघत होता. एकदा चित्र बघितलं की मिटलं. त्याच भरात त्यानं हार्डवेअरच्या दुकानातही सांगून ठेवलं की भिंतीएवढ्या चित्रात मी आहे, सवडीनं बघून या.

शनिवारी तिघं गेले. वायसरनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. इस्त्री त्यानं स्वतः केली होती, ते दिसतही होतं. हॉल मोठा आणि पांढराशुभ्र होता, लोक हलक्या आवाजात बोलत होते, आणि समोरच्या भिंतीवर ते चित्र होतं.

वायसर आधी डाव्या कोपऱ्याकडं गेला. दोन दगडांच्या मधून पाणी व्यवस्थित निघून जात होतं. "हे बघा," तो मेहुण्याला म्हणाला, "ही वाट मी सांगितली. नाहीतर सगळं तुंबलं असतं." आणि त्यानं पाण्याचा उतार, दाब आणि दगडांची ठेवण यावर दोन मिनिटं माहिती दिली. मेहुणा ऐकत नव्हता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि चित्राच्या मधोमध बघितलं.

"दाजी," तो म्हणाला, "ही बाई आहे."

वायसरनं तेव्हा पहिल्यांदा दगडावर बसलेल्या माणसाकडं बघितलं. बाईच होती. उतरत्या वयाची, पांढरे केस वर गोळा करून बांधलेली, कानात बारीकसा खडा, कमरेभोवती ओलं कापड. पाय डोहात सोडून ती बसली होती आणि एका हातानं गवताचा बोळा घेऊन पाठ घासत होती. झाडांच्या मधून तिच्यावर ऊन पडलं होतं. तिला कसलीही घाई नव्हती.

हार्डवेअरच्या दुकानात वायसर ही गोष्ट सांगतो तेव्हा इथं थांबतो. लोक काउंटरवर हात आपटून हसतात, कुणीतरी विचारतं की मग वहिनींनी घरात घेतलं का, आणि तो म्हणतो की घेतलं, पण नळ दुरुस्त करायला. पुढचं तो दुकानात सांगत नाही.

पुढं असं झालं की तो त्या पाठीकडं बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की ही आपली आहे की नाही हे आपल्याला सांगताच येणार नाही. त्यानं आपली पाठ जन्मात कधी बघितली नव्हती. कशी बघणार? ती बाईंनी बदलली असेल, दुसऱ्या कुणाला बसवून पुन्हा काढली असेल, काहीही असेल. सात मंगळवारांचा एकुलता एक पुरावा समोर भिंतीवर होता आणि त्यात एक म्हातारी बाई बसली होती. आता आपण काहीही बोललो तरी ती आठवी थापच ठरणार, हे त्याला कळलं. एरवी अशा वेळी त्याला स्वतःबद्दल काहीतरी विनोद सुचतो. त्या दिवशी सुचला नाही.

"ताई, चल," मेहुणा बहिणीला म्हणाला. तो तसा वाईट माणूस नाही, त्याचा आवाज पडला होता. "बघितलं ना."

"थांब," ती म्हणाली.

ती चित्राच्या जवळ गेली. लाँड्रीत काउंटरवर कपडा पसरला की ती जशी बघते तशी बघायला लागली. मानेपासून खाली, मग एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. मग तिचा हात वर गेला. कोपऱ्यातला पहारेकरी खाकरला, तसं तिनं बोट चित्रापासून वीतभर लांब धरलं. त्या बाईच्या हाताखालची पाठ ओली होती, पाण्याचे थेंब चमकत होते. हाताच्या वर, दोन खांद्यांच्या मधे, एक पट्टा कोरडाच होता.

"इथवरच जातो यांचा हात," ती म्हणाली. "पुढचं मला करावं लागतं."

मेहुण्यानं चष्मा वर सरकवला. "अगं, पण बाई आहे ती."

"बाई असेल," ती म्हणाली. "पाठ यांची आहे."

वायसर खाली फरशीकडं बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि मेहुण्यासमोर डोळे पुसायचे म्हणजे पुढची दहा वर्षं ऐकून घ्यायची तयारी हवी. म्हणून तो वाकला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. त्या बुटाला नाडी नव्हती.

चित्रकार बाई बाजूला उभ्या होत्या, त्या आता जवळ आल्या. त्यांनी नमस्कार केला. वायसरला वाटलं, बायको आता त्यांना काहीतरी लागट बोलणार. तिनं बाईंकडं नीट बघितलं, त्यांच्या वर बांधलेल्या पांढऱ्या केसांकडं, कानातल्या खड्याकडं, आणि मग परत चित्राकडं बघितलं.

"हिला कोणी नाही का?" तिनं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

बायकोनं मान डोलावली. मग तिनं विचारलं की तुमच्या त्या सिंकचं काम नीट झालं ना, यांनी काही उलटंसुलटं जोडून नाही ना ठेवलं. बाई म्हणाल्या, नीट झालंय. दोघी थोडा वेळ चित्रासमोर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. वायसर लांबून बघत होता. काय बोलल्या ते त्याला ऐकू आलं नाही आणि त्यानं ते कधी विचारलंही नाही. परतीच्या वाटेवर मेहुणाच काय तो बोलत होता, हॉलमधल्या दिव्यांबद्दल.

रविवारी सकाळी वायसर न्हाणीघरात शिरला. बारा दिवसांत हाक न मारायची सवय लागली होती, त्यानं मारली नाही. अंगाला साबण लावला, हात मागं नेला, अडला तिथं थांबवला. तेवढ्यात दार ढकलल्याचा आवाज आला. तिनं त्याच्या हातातला स्पंज घेतला.

त्या दिवशी तिनं बारा दिवसांचं घासलं. ब्रशानं ओरखडे उठले होते त्यावरूनही घासलं. तो मान खाली घालून बसला. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. या कामात तो कधीच दिसत नाही. आपल्या पाठीचं जगात कुणाला काही माहीत असेल तर ते हिलाच, असं त्याला वाटलं. आता काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ते खरं असायला हवं होतं.

"ऐक ना," तो म्हणाला. "हे नळ. नवी पद्धत वगैरे काही नाही. मी चुकून उलटे जोडले होते."

स्पंज थांबला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

बावीस वर्षांचा हिशेब मनात मांडायला त्याला जरा वेळ लागला. एवढे पाहुणे भाजले, हिचा सख्खा भाऊ दोनदा भाजला, आणि ही एका शब्दानं बोलली नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

तिनं उजवीकडचा नळ सोडला, तांब्या भरून त्याच्या पाठीवर गरम पाणी ओतलं आणि दूध बघायला गेली.